एकच व्यक्ती असल्याबाबत

गायधनी काकांचा नियम होता:
आधी प्रिंटर, मग कॉम्प्युटर.
उलट केलंस तर दिवसभर
तो त्याला ओळख देणार नाही.
जुन्या सीबीएससमोर आठ बाय सहाचं दुकान,
त्यात रुंद केबलीचा, करकरणारा डॉट मॅट्रिक्स.
काका शटर वर करून आधी त्याचं बटण दाबायचे,
चपला नंतर काढायचे.

तेव्हा हजेरी एकदाच व्हायची.
सुरू होताना मशीन हाक मारी,
हजर त्याचं नाव पटावर.
मागून आलेला दाराशी उभा,
सगळं बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत.

काका गेले. ती केबलही भंगारात गेली.
मी मात्र अजून आधी प्रिंटरच लावते.
सोपान हसतो, ताई, आता कधीही लावा.

जानेवारीतला मंगळवार. साडेअकराला लाइट गेली.
कॉम्प्युटर यूपीएसवर तगला,
लेझर नाही, त्याची भूक यूपीएसला झेपत नाही.
समोर ठकूबाई, हरसूलच्याही पुढून
पहाटेच्या एसटीने आलेली,
अंगात मुलाचा स्वेटर, मांडीवर पिशवी,
पिशवीत तीन कागद आणि तीन बाया:
रेशनकार्डावर ठकूबाई सोमा भोये,
बँकेत ठकी सोमनाथ भोये,
आधारवर ठकुबाई सोमा भोई.
पेन्शन अडलेली त्या शेवटच्या अक्षराला.

मी टाइप केलं होतं,
वरील तिन्ही नावांची व्यक्ती एकच असून
ती मीच आहे.
प्रिंट दिली. ट्रेमध्ये हिरवा लेजर पेपर.
पडद्यावर रांग: कागद एक, थांबलेला.
पलीकडे कुणीच नाही.

"लाइट आल्यावर ह्याला कसं कळंल,
त्यो जागा झाला म्हून?"
तिने विचारलं, आणि मला येईना सांगता.

सोपान स्टुलावरून खाली उतरला.
म्हणाला, आजी, ह्या वायरीत चार तारा.
दोन विजेच्या, दोन बोलायच्या.
प्रिंटर उठला की बोलायची एक तार
जराशी वर उचलतो,
वर्गात बोट वर करतात ना, तेवढंच.
कॉम्प्युटर क्षणभर थांबतो,
आलाय की नुसता हललाय, बघतो.
मग विचारतो, कोण तू? कुठल्या कंपनीचा?
नव्या माणसाला तेव्हा आकडा नसतो,
शून्यावर उभा राहून उत्तर देतो.
मग त्याला आकडा मिळतो,
आणि मग कुठे ड्रायव्हरला उठवतात,
ह्याची भाषा तुला येते ना, चल.
ड्रायव्हर शोधत फिरत नाही, आजी.
तो निजलेला असतो. हाक आली की उठतो.

आणि आमचा हा स्वस्तातला,
ह्याच्याकडे स्वतःचा नंबरच नाही.
वायर शेजारच्या भोकात घातली
की कॉम्प्युटरला वाटतं, दुसराच आला.
त्याने यादी दाखवली.
एकाच प्रिंटरची तीन नावं,
पुढे कॉपी एक, कॉपी दोन.

ठकूबाई यादीकडे बघत राहिली.
वाचता येत नव्हतं, मोजता येत होतं.
"मंग त्याचं बी ॲफिडेविट करा की,"
म्हणाली. हसली नाही.

बारा दहाला ट्यूब फडफडली.
प्रिंटरने घसा खाकरला,
कुठेतरी टुंग वाजलं,
आणि कुणी काही न दाबता
थांबलेला कागद सरकत बाहेर आला.
मी तो तिच्या हातात दिला.
तिने वाचायला नाही, शेकायला धरला,
दोन्ही तळव्यांत, मग गालाला.
नोटरीपुढे अंगठा उठवताना
शाई जरा जास्तच लागली.
पैसे घ्यायचे राहिले, की मी राहू दिले,
सोपानला विचारू नका.

दुसऱ्या दिवशी मी शटर वर केलं.
मुद्दाम आधी कॉम्प्युटर लावला.
चपला काढल्या. समोर चहा सांगितला.
काकांच्या फोटोकडे न बघता
मग प्रिंटरचं बटण.
टुंग.